हात पोचेल तिथवर

कोल्हापूरच्या रंगविज्ञान संस्थेत एक भिंत होती. तिच्या डाव्या अर्ध्या भागावर बारा महिने पाऊस पडत असे. छताजवळच्या नळ्यांतून पाणी झरे, पंखे वारा घालत, आणि तिथला हळदी रंग काल दिल्यासारखा तजेलदार दिसे. उजव्या अर्ध्या भागाला मात्र कोकणातल्यासारखे ऋतू दिले होते. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे ऊन. त्या भागाला टक्कल पडले होते.

डॉ. हेमांगी राऊळ त्या टकलाकडे बघत उभी होती. हा रंग तिचा होता. तिच्या शेजारी डॉ. रणजित चौगुले उभे होते. रंग बाजारात आणायचा की नाही, हे ठरवणाऱ्या तपासणी समितीचे ते प्रमुख.

"मॅडम, मी सिमेंटचा माणूस," चौगुले म्हणाले. "तुमचा हा जिवंत रंग मला शाळेतल्या पोराला सांगतात तसा सांगा."

"तुमच्या हाताला घट्टे आहेत?"

"आहेत की. लहानपणी मल्लखांब करायचो."

"चप्पल घासली की झिजते. मग हात घासल्यावर का झिजला नाही? उलट कातडी जाड कशी झाली?"

चौगुल्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिला. "कारण कातडी जिवंत आहे."

"बरोबर. साधा रंग चपलेसारखा आहे. कितीही जपा, झिजणारच. हा रंग तळहातासारखा आहे. यात शेवाळापासून घडवलेल्या वर्णपेशी आहेत. त्यांच्यावर काही घासले गेले, की तिथल्या पेशी वाढतात आणि झीज भरून काढतात. वाऱ्यापावसाने भिंत घासली जाईल आणि रंग आपोआप जगेल, असा माझा हिशेब होता."

"आणि घासलंच नाही तर?"

"पेशी झोपतात. झोप फार लांबली तर मरतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात." तिने डावीकडे बोट दाखवले. "आम्ही इथे बारा महिने पाऊस पाडला आणि खूश झालो. खरा पाऊस चार महिनेच असतो. उरलेले आठ महिने घराच्या बाहेरच्या भिंतीला हात कोण लावतं?"

"म्हणजे रंगाला मालिश पाहिजे म्हणा की!" चौगुले हसले. मग गंभीर झाले. "चाचणीच्या सगळ्या घरांची हीच गत?"

"एक सोडून. आंबोलीचं घर. सगळ्यात जास्त पाऊस तिथे, म्हणून पहिला हात तिथेच दिला होता. नऊ वर्षं झाली. दाराजवळ स्पर्शमापक बसवला आहे. त्याची नोंद बघा. भर उन्हाळ्यातही तिथला रंग रोज घासला जातोय."

"कशानं?"

"धुक्यानं, असं मला वाटतं. आंबोलीत धुकं फार. तसं असेल तर इतर घरांना कृत्रिम धुक्याचा फवारा देता येईल. रंग वाचेल."

"घर कुणाचं आहे?"

"माझ्या वडिलांचं."

"मग फोन करून विचारा की त्यांना."

"दर रविवारी विचारते. रंग टवटवीत आहे म्हणतात."

"आणि ते?"

"ते कोण?"

"वडील हो."

हेमांगी पुन्हा टकलाकडे पाहू लागली. नळ्यांतले पाणी भिंतीवरून झरत राहिले.

*

कोल्हापूरहून आंबोली तीन तासांवर आहे. पूर्वी ती दरवर्षी चतुर्थीच्या आधी तिथे जायची. अण्णा राऊळ, म्हणजे तिचे वडील, तिथल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. सुट्टी लागली की ते भिंतीला चुना काढायचे आणि ती बादली धरायची. नोकरी लागल्यावरही ती चुन्यासाठी म्हणून यायची. मग तिने घराला स्वतःचा रंग दिला आणि म्हणाली, "अण्णा, आता दरवर्षीची कटकट संपली." कटकट खरोखरच संपली. त्यानंतर ती दोनदाच येऊन गेली. तेही आई गेली तेव्हा तिच्या दिवसकार्याला, आणि घरपट्टीच्या कामाला. दोन्ही वेळा ती रात्री पोचली होती आणि पहाटे निघाली होती.

या वेळी ती दुपारी पोचली. कार्तिकातले स्वच्छ ऊन होते. गाडीतून उतरताच तिची नजर रस्त्याकडच्या भिंतीवर गेली आणि ती थबकली.

छपराच्या कडेच्या पागोळीखाली भिंत पार बोडकी होती. त्याखाली फिकट पिवळा पट्टा, त्याखाली जरा गडद, त्याखाली आणखी गडद, त्याखाली त्याहून गडद. भिंतीवर जणू कुणी आडवे पट्टे ओढले होते. अगदी खाली, दाराजवळ बसवलेला मापक होता तिथे, रंग हळदीसारखा झगझगत होता.

मापक तिच्या कमरेच्या उंचीवर होता. संस्थेला नऊ वर्षे एवढीच जागा दिसत होती.

धुके खाली जास्त साचत असेल, तिने स्वतःला सांगितले. पण धुक्याच्या कडा अशा सरळ नसतात. तिने प्रत्येक पट्ट्यातून रंगाची बारीक कपची काढली आणि भिंगाखाली धरली. जिवंत रंगात दर पावसाळ्याची एक काळसर रेघ उमटते, झाडाच्या खोडात वर्षाचे वलय उमटते तशी. रेघा मोजल्या की तो पट्टा कधीपर्यंत जागा होता, ते कळते. सर्वात वरचा पट्टा तिसऱ्या पावसाळ्यानंतर झोपला होता. त्याखालचा पाचव्यानंतर. त्याखालचा सातव्यानंतर. मग गेल्या वर्षी झोपलेला एक. आणि सर्वात खालचा अजून जागा.

सवयीने तिने पाटीवर, म्हणजे हातातल्या संगणकावर, आलेख मांडला. आडवी वर्षे, उभी उंची. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. रेषा खाली उतरत होती. सवयीनेच तिने ती पुढे वाढवली. आणखी चार-पाच वर्षांनी ती जमिनीला टेकत होती.

काय आहे हे, जे दरवर्षी खाली खाली येते?

घराच्या कोपऱ्यामागून खुर्ची फरफटल्याचा आवाज आला. प्लास्टिकची एक खुर्ची पुढे सरकली. तिच्या पाठीला धरून, एकेक पाऊल टाकत अण्णा आले. खांद्यावर ओले फडके होते. त्यांनी खुर्ची भिंतीशी लावली, हाश्श करून तिच्यात बसले आणि भिंत पुसू लागले. हात पोचेल तिथवर. खांद्याच्या जरा वर गेला की हात थरथरे आणि खाली येई.

"अण्णा."

त्यांनी मान वळवली. "अगो बाय! न सांगता आलीस?"

"हे काय करताय?"

"भिंत पुसतोय. दिसत नाही? पहिल्याच वर्षी तू फोनवर सांगितलंस ना, हात फिरत राहिला की हा रंग जगतो. म्हटलं, पोरीचा प्रयोग आहे, नापास व्हायला नको."

"रोज?"

"मला दुसरं काय काम? आधी स्टुलावर चढून पागोळीपर्यंत पुसायचो. मग ते स्टूल हलायला लागलं."

"स्टूल हलायला लागलं?"

"स्टूलच. मी कशाला हलेन?" अण्णा मिस्कील हसले.

हेमांगीला हसू आले नाही. "पायांचं मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारायचीस, अण्णा, रंग कसा आहे? तो चांगलाच होता."

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर तिला बरे वाटले असते.

त्यांनी तिच्या हातातली पाटी घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. हेमांगीने ती परत ओढायला हात पुढे केला.

"थांब. अक्षांना नावं कुठायत? अर्धा गुण गेला." त्यांचे बोट रेषेवरून सावकाश खाली उतरले. मग ते भिंतीकडे वळले. पट्टे एकेक करून वरून खाली पाहिले. शिक्षकाला आलेख समजायला वेळ लागत नाही.

"अच्छा," ते म्हणाले. "हा मी."

"अण्णा, ते... मला वाटलं धुकं आहे."

"बिंदू बरोबर घेतलेस. पण इथे चूक आहे." त्यांनी रेषेच्या टोकावर, ती जमिनीला टेकत होती तिथे, नख ठेवले. "मोजलेल्या बिंदूंच्या पुढे रेषा अखंड काढायची नसते. तुटक काढायची. पुढचं कुणी मोजलंय? सातवीत घोटून घेतलं होतं मी हे."

तिने शेवटचा तुकडा पुसला आणि तुटक काढला.

तेवढ्यात चौगुल्यांचा फोन आला. "काय मॅडम, धुकं सापडलं का?"

"धुकं नव्हतं. माणूस होता."

"म्हणजे रंगाला निगा लागतेच. मग साध्या रंगात नि यात फरक काय राहिला? समितीला काय सांगू?"

"सांगा की नापास. नऊ वर्षं जी नोंद आपण रंगाची म्हणून वाचली, ती रंगाची नव्हती." तिने फोन बंद केला.

मग ती घरात गेली, माळ्याखालचे जुने स्टूल शोधून घेऊन आली आणि पागोळीखाली ठेवून त्यावर चढली. अण्णांचे फडके तिच्या हातात होते. ती बोडक्या भिंतीवर जोरजोराने हात फिरवू लागली. भुरभुर माती पडत राहिली.

"बाय, खाली उतर."

"थांबा अण्णा, होईल."

"नाही होणार. तूच बनवलाय ना हा रंग? तिथलं मेलं आहे. आता कितीही घासलंस तरी मेलेल्या पेशी वाढायच्या नाहीत."

तिचा हात थांबला. हे तिला ठाऊक होते. चौगुल्यांना तिनेच समजावून सांगितले होते.

"वरून नको," अण्णा म्हणाले. "जिवंत आहे त्याच्या कडेपासून धर. गेल्या वर्षीचा पट्टा अजून झोपलेला असेल. तो उठला तर उठेल."

ती उतरली. जिवंत रंगाची कड खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या डोक्याशी होती. ती त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि त्या कडेवर ओले फडके टेकवले.

"हळू," अण्णा म्हणाले. "रोज थोडं थोडं. एका दिवसात नाही होत ते."