हेरॉन क्रीकचा कोमट काठ

"मी ओपनिंग करणार! स्टम्प्स माझे आहेत!" ईशान ओरडला.

"स्टम्प्स तुझे, पण ग्राउंड माझ्या बाबांनी घेतलंय!" हिमानीने बॅट सोडली नाही. "आता बोल!"

"ग्राउंड रेंटवर आहे," ईशानची धाकटी बहीण नैना म्हणाली. "सो टेक्निकली, नोबडीज."

नैना नऊ वर्षांची होती आणि नेमकं नको तेव्हा खरं बोलायची तिला खोड होती. तेरा वर्षांची हिमानी आणि बारा वर्षांचा ईशान दोघंही तिच्यावर एकदम डाफरले, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं भांडण मिटलं.

दोन हजार सहा सालचा जुलै. सुट्टी. अमेरिकेतल्या ॲन आर्बरपासून बरंच उत्तरेला, एका जुन्या लाकूड गिरणीच्या तळ्याकाठी हिमानीच्या बाबांनी, म्हणजे कुमारकाकांनी, आठवड्यासाठी घर भाड्याने घेतलं होतं. शनिवारी मराठी मंडळाची सगळी कुटुंबं तिथे पिकनिकला येणार होती आणि क्रिकेटची मोठी मॅच होणार होती. कुमारकाका पोटासाठी सॉफ्टवेअर लिहीत. त्यांचा खरा जीव होता कार्यक्रम पार पाडण्यात. खुर्च्या, बर्फ, माइक, कशाचीही कमतरता त्यांना सहन होत नसे. म्हणून तर ते सगळ्यांच्या आधी आले होते, मुलांना आणि ईशान-नैनाच्या आईला, प्रतिमाकाकूंना घेऊन.

आले त्या दिवशी मात्र मुलांचे चेहरे पडले होते. आदल्या आठवड्यातल्या पावसाने तळं फुगलं होतं आणि अंगणात घोट्याएवढं पाणी होतं. ईशानच्या बाबांनी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेले नवेकोरे स्टम्प्स ठोकायला कोरडी जागाच नव्हती! तिघांनी इतकी भुणभुण केली की कुमारकाका म्हणाले, "थांबा, करतो काहीतरी." आणि केलंही! दोन दिवसांत अंगण कोरडं. फाटकाजवळ जरा चिखल उरला होता, त्यावर त्यांनी पायवाट म्हणून जाडजूड फळ्या टाकल्या.

"पाणी कुठे गेलं, काका?" नैनाने विचारलं होतं.

"जादू!" काका म्हणाले, आणि ते उत्तर सगळ्यांनी खुशाल मान्य केलं.

गुरुवारी उकाडा मी म्हणत होता. डोक्यावर ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. शेवटी ओपनिंग ईशाननेच केली. पहिलाच बॉल त्याने असा हाणला की तो कुंपणापलीकडे, उतारावरून, थेट खालच्या क्रीकमध्ये गेला. तिघं धावत सुटले.

क्रीक म्हणजे लहानशी नदीच. हेरॉन क्रीक तिचं नाव. बॉल एका ओंडक्यापाशी अडकला होता. ईशान पाण्यात उतरला, वाकला आणि तसाच थांबला.

बॉलशेजारी एक मासा उलटा पडला होता. अंगावर लाल ठिपके, पोट पांढरं. त्याच्यापुढे आणखी एक. मग आणखी.

"ईशानदादा, दे आर ऑल डेड," नैना हळूच म्हणाली. यावेळी तिच्यावर कुणी डाफरलं नाही.

"हात लावू नका!" मागून आवाज आला. उन्हाने रापलेली, पांढऱ्या केसांची एक बाई छातीपर्यंत येणारी रबरी पँट घालून पाण्यातून येत होती. हातात बादली, आणि बादलीत मेलेले मासे. तिने मुलांकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्या तळ्यावरच्या घरातले ना? पाण्यात साबण टाकलात? औषध? काही?"

"नो, मॅम! आम्ही आत्ताच आलो!" हिमानी घाईने म्हणाली. बाई अर्थातच इंग्रजीत बोलत होत्या. आपण मराठीतच ऐकू.

त्यांचं नाव मिसेस व्हॅन डाइक. हेरॉन क्रीकच्या फिशिंग क्लबच्या अध्यक्ष. क्लब म्हणजे फार काही नव्हतं, सात म्हातारी माणसं. पण या सात जणांनी वर्षानुवर्षं खपून ही नदी पुन्हा जिवंत केली होती. काठाला सावलीसाठी विलोची झाडं लावली, माशांना लपायला ओंडके रोवले, गाळ उपसला. आधी बाहेरून ट्राउट मासे आणून सोडले. आणि दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे जन्मलेली पिल्लं दिसली.

"दिसली त्या दिवशी आम्ही सगळे रडलो," बाई म्हणाल्या. "ट्राउटला गार पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते आणि मासा पाण्यात असून गुदमरतो. उन्हाळा असा तापला की कोण काय करणार? रविवारपर्यंत असंच राहिलं तर एकही उरणार नाही."

"मग परत आणून सोडा ना," ईशान म्हणाला.

"बाळा, आमच्यातल्या तिघांचे गुडघे गेलेत, एक हॉस्पिटलात आहे." त्यांनी बादली उचलली. "पुन्हा पहिल्यापासून आम्हाला नाही जमायचं. क्लब बंद करू."

त्या निघून गेल्या. पाठीमागून त्या खूपच थकलेल्या दिसत होत्या. हिमानीला एकदम रडू यायला लागलं. तिने चेहरा धुवायला पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं, आंघोळीच्या बादलीत शेवटी उरतं तसं.

"आऊच! इट्स फ्रीझिंग!" पलीकडून नैना किंचाळली. ती पाय टाकत टाकत दुसऱ्या काठाला पोचली होती.

"काहीतरी काय! पाणी गरम आहे!"

"इथे नाहीये! कम अँड सी!"

हिमानी मधोमध जाऊन उभी राहिली. डावा पाय गार, उजवा कोमट. एकाच नदीत!

"ईशान," ती म्हणाली, "ऊन काय एकाच काठाला पडतं?"

"यार! म्हणजे गरम पाणी दुसरीकडून येतंय!" ईशानने बॉल खिशात कोंबला. "या काठाने वर जाऊ या. नैना, तुझे पाय थर्मामीटर!"

आणि निघाली वरात. कोमट काठ धरून, गोटे चुकवत, मेलेल्या माशांवरून नजर वळवत. नैना पुढे ओरडत होती, "वॉर्म! स्टिल वॉर्म! व्हेरी वॉर्म!" एका वळणावर गवताआड एक चर दिसला. चरातून हिरवट पाणी खळाखळा क्रीकमध्ये पडत होतं. तिघं चराने वर चढले. वर सिमेंटच्या दोन खांबांमध्ये एक जुनं दार होतं. दार कसलं, नुसत्या खाचा! त्यात पाणी अडवणाऱ्या फळ्याच नव्हत्या. मागे उन्हात तापलेलं तळं होतं आणि त्यातून पाणी मोकाट वाहत होतं.

"ओह नो," ईशान म्हणाला. "हे आपलंच तळं आहे. ते बघ आपलं घर."

"पण फळ्या काढल्या कुणी? आणि नेल्या कुठे?" हिमानी इकडेतिकडे शोधू लागली.

नैना खांबावर चिकटलेल्या बारीक गोगलगायी बघत होती. "या आपल्या ब्रिजखाली पण आहेत."

"कोणत्या ब्रिजखाली?"

"गेटजवळचा. काकांचा. खालून सगळं काळं, गिळगिळीत आहे आणि अशाच स्नेल्स आहेत. आय चेक्ड."

दोन दिवस ते त्याच फळ्यांवरून उड्या मारत होते. अंगण कोरडं कसं झालं, जादू कसली होती, सगळं एका क्षणात उलगडलं. कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता ना? हिमानीला मात्र तो झाला नाही. हे तिच्या बाबांनी केलं होतं. आणि भुणभुण तिने केली होती.

शुक्रवारी सकाळी तिने बाबांना गाठलं. कुमारकाका माइकच्या वायरींत गुरफटले होते.

"बाबा, त्या फळ्या परत लावा ना. मासे मरतायत. तळ्याचं गरम पाणी खाली जातंय."

"अगं, मासे उकाड्याने मरत असतील. सोमवारी निघताना लावू."

"रविवारपर्यंत सगळे मरतील, बाबा!"

"हिमानी, उद्या एवढी माणसं येतायत. अंगणात पाणी भरलं तर त्यांना बसवू कुठे? दोन-तीन दिवसांनी काय होतंय? प्लीज, आत्ता नको."

आत्ता नको! मोठ्या माणसांचा हा ठेवणीतला मंत्र. हिमानी पाय आपटत बाहेर आली.

"फळ्या आपण लावू," ती म्हणाली. "पण बाबा इथून जायला हवेत."

ईशानने डोकं खाजवलं. मग तो गुपचूप आत गेला, टेनिस बॉल्सचा खोका पलंगाखाली ढकलला आणि बाहेर येऊन मोठ्याने म्हणाला, "काका, बाहेर एकच बॉल दिसतोय!"

"एकच? उद्या मॅच आणि एकच बॉल?" काकांनी वायरी टाकल्या, किल्ल्या उचलल्या आणि गाडी गावाकडे सुसाट सुटली.

तिघांनी पहिली फळी उचलली. केवढी जड! स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रतिमाकाकूंनी बटाटे सोलता सोलता विचारलं, "अरे, कुठे निघालात?"

"फळ्या परत लावायला, आई. मासे वाचवायला!" नैना खरं तेच बोलली.

"बरं बरं. चपला घाला," काकू म्हणाल्या आणि पुढचा बटाटा घेतला.

एकेक करून सगळ्या फळ्या दारापाशी पोचल्या. पण खाचेत घातली की फळी तरंगून वर यायची! ईशान तिच्यावर उभा राहिला तर खाली, उतरला की पुन्हा वर. पाण्याचा जोर वाढत होता. नैनाचा पाय शेवाळावरून सटकला आणि ती थेट चराकडे घसरली. "नैना!" हिमानीने तिचा दंड पकडून तिला ओढलं. दोघींचे गुडघे सोलपटले. नैना रडली नाही, पण तिने बराच वेळ हिमानीचा हात सोडला नाही.

"पाचर हवी," हिमानी धापा टाकत म्हणाली. "फळी आणि खाचेच्या मध्ये घट्ट बसणारी. खाली टोक असलेली."

ईशानचं तोंड एवढंसं झालं. खाली टोक असलेली काय वस्तू आहे ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. ती तो रात्री उशाशी घेऊन झोपत होता.

"दुसरं काहीच नाही का?" त्याने विचारलं. मग कुणी उत्तर द्यायच्या आत तोच धावत गेला आणि स्टम्प्स घेऊन आला. हिमानीने फळ्या पायांनी दाबून धरल्या आणि ईशानने बॅटने एकेक स्टम्प खाचेत ठोकला. प्रत्येक फटक्याला त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटचा स्टम्प बसला आणि चरातला खळखळाट थांबला.

घरी परतले तेव्हा कुमारकाका फाटकाशी उभे होते. दोन्ही बूट चिखलात रुतलेले, हातात नव्या बॉल्सची पिशवी.

"माझी वाट कुठे गेली?" ते गरजले.

"चला, दाखवते," हिमानी म्हणाली. तिने बाबांचा हात धरला. तिने त्यांना आधी दार नाही दाखवलं. आधी खाली क्रीकपाशी नेलं. मिसेस व्हॅन डाइक तिथेच होत्या, पुन्हा बादली भरत होत्या.

बाबांनी त्या बादलीत वाकून पाहिलं.

"मी तुमच्यासाठीच केलं गं," ते हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

मग कुमारकाका नव्या बुटांनिशी पाण्यात उतरले आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, तळ्याच्या फळ्या मी काढल्या होत्या. मुलांनी आत्ता परत लावल्या."

बाईंचा चेहरा लाल झाला. "त्या आम्ही बसवल्या होत्या! याच हातांनी! त्या कोणी काढेल असं मनातही आलं नाही!" पुढे त्या बरंच काही बोलल्या. कुमारकाकांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी वीज कडाडली आणि धो धो पाऊस पडला. शनिवारी गाड्यांमागून गाड्या आल्या तेव्हा अंगणाचं पुन्हा तळं झालं होतं. माणसं व्हरांड्यात दाटीवाटीने उभी राहून बटाट्याची भाजी खात होती. कुमारकाकांनी माइक हातात घेतला आणि आज मॅच का होणार नाही ते सगळ्यांना स्वतः सांगितलं, काही न लपवता. "चूक माझी. शहाणपण या तिघांचं," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. प्रतिमाकाकू ईशानजवळ येऊन म्हणाल्या, "काल नैना सांगत होती, मी ऐकलंच नाही रे." पण मुलांचं लक्ष फाटकाकडे होतं.

मिसेस व्हॅन डाइक चिखल तुडवत आल्या. "पलीकडच्या गार काठाला झरा आहे, त्याच्या तोंडाशी काही जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "फार नाहीत. पण आहेत. काल दार उघडं असतं तर या पावसात अख्खं तळं खाली आलं असतं आणि तेही गेले असते. मुलांनो, मी ऊन ऊन करत बसले. तुम्ही दोन्ही काठ बघितले."

"म्हणजे क्लब बंद नाही?" नैनाने विचारलं.

"पहिल्यापासून सुरू करायचं तर तरुण गुडघे लागतील."

"वी हॅव सिक्स!" नैना म्हणाली. गुडघे सोलपटलेले होते, पण होते खरे.

"आणि माझे स्टम्प्स?" ईशानने चाचरत विचारलं.

"ते काढले तर दार सुटेल." बाई त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या. "राहू देत मग," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याशी मोठ्या माणसाशी मिळवतात तसा हात मिळवला.

सगळे गेल्यावर हिमानी आणि बाबा क्रीकवर आले. विलोखाली मेलेले मासे पुरल्याची ताजी माती दिसत होती. हिमानीने कोमट काठाला पाय पाण्यात सोडला. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखायला लागली. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेजारी बसून पाय आत घातले.

"बाबा, गार लागतंय?"

"खूप," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पाय बाहेर काढले नाहीत.