मनात येईल ते सगळं

लिफ्टसमोर एक तरुण पार्किंगच्या पावतीवर मोर काढत होता. पावती बोटभर, मोर मात्र ऐटीत. मला बाराव्या माणसाची इतकी निकड होती, की लाजबीज गुंडाळून ठेवून मी सरळ विचारलं, "तुमच्याकडे एक तास आहे?"

"कशाला?"

"आमच्या कॉम्प्युटरवर नक्षी काढायला. आणि काढताना मनात येईल ते सगळं मोठ्यानं बोलायचं."

"सगळं?" तो हसला. "स्वल्प धोका आहे हो त्यात."

हा व्यंकोजी. बंगळुरातल्या बसवनगुडीचा. रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी काढायचा. खालच्या दुकानात नमुने द्यायला आला होता. मी आसावरी, नागपूरची, कोरमंगलातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक. चित्र काढताना माणूस अडला की पुढची रेघ सुचवणारा प्रोग्राम मी दोन वर्षं खपून बनवला होता. तो खरंच मदत करतो की नुसती लुडबुड, हे बारा कलाकारांकडून तपासायचं होतं. दर गुरुवारी एक, अशी प्रत्येकाची तीन सत्रं, सगळी रेकॉर्ड केलेली. मी गप्प बसायचं. कलाकार बोलायचा थांबलाच, तर एवढंच म्हणायचं, "बोलत राहा."

पहिल्याच सत्रात त्याचं पेन थांबलं आणि तीन सेकंदांत पडद्यावर निळी रेघ उमटली.

"अरे, थांब की!" तो पडद्यावर ओरडला. "अडलो नाही मी, विचार करतोय. याला धीर नाही बघा. तुम्हाला आहे?"

उत्तर द्यायची बंदी! मी ओठ घट्ट मिटले.

"खळी पडली. सरी, कळलं." सरी म्हणजे कानडीत 'बरं'.

हे सगळं रेकॉर्ड होत होतं, आणि माझ्या बॉस, श्यामला मॅडम, ते ऐकणार होत्या. माझे कान तापले.

दुसऱ्या गुरुवारी तो डबा भरून चिरोटे घेऊन आला. रेकॉर्डिंग सुरू व्हायचं होतं, म्हणून मी विचारून घेतलं, "व्यंकोजी हे नाव अजून कोणी ठेवतं?"

"साडेतीनशे वर्षं आम्ही या गावात. नावं संपली, परत पहिल्यापासून सुरू केली."

मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. मला तो आवडायला लागला होता... आणि तेच तर चालणार नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी खिडकीबाहेर बारीक पाऊस होता. त्याचं पेन थांबलं. निळी रेघ आली, त्यानं पुसली. पुन्हा आली, पुन्हा पुसली. तो गप्पच.

"बोलत राहा," मी म्हणाले.

"आज शेवटचं सत्र," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "पुढच्या गुरुवारी मी कुठं येऊ, एवढंच मनात येतंय."

मी घाबरून रेकॉर्डिंग बंद केलं. त्यानं क्षणभर वाट पाहिली, "सरी" म्हणाला आणि गेला.

त्याच्या नोंदी बाराजणांत सर्वांत चांगल्या होत्या. पण मनात बसलेल्या माणसाच्या नोंदी संशोधनात धरत नाहीत; तो आपलं मन राखायला बोलतो, आणि आपण ते भलत्याच कानांनी ऐकतो. शोधनिबंध द्यायला दहा दिवस उरले होते. गप्प बसले असते, तर कदाचित खपूनही गेलं असतं.

मी मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, चष्मा काढला. "याच्या नोंदी बाद. निबंध पुढच्या वर्षी." मग काच पुसत, "त्याला भेटायला मात्र माझी परवानगी लागत नाही."

बाकीच्या अकराजणांच्या नोंदी मी पुन्हा ऐकल्या. चारजण तेच पुटपुटले होते— थांब की! मी ती तीन सेकंदांची घाई काढून टाकली. आता मागितल्याशिवाय रेघ येत नाही.

गुरुवारी मी बसवनगुडीला गेले. तो आलेखाच्या कागदावर काठ आखत होता.

"तुमची तिन्ही सत्रं बाद केली," मी म्हणाले.

"माझ्यामुळं?"

"नाही. माझ्यामुळं. कारण मला..." पुढचे शब्दच येईनात.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मला काही सुचवलं नाही, घाई केली नाही. चांगलं मिनिटभर नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बोलत राहा."

आणि मनात होतं ते सगळं मी मोठ्यानं बोलले.