पुनरुक्त

त्या काळी वार्ता आधी वाचकाच्या नाडीवर पारखली जाई आणि मगच प्रसारित होई. प्रत्येक नागरिकाच्या मनगटावरील सूक्ष्म संवेदक हृदयाची गती आणि त्वचेची आर्द्रता टिपत असे. त्यावरून एखाद्या वार्तेने किती कळवळा जागवला, हे ठरे. या मापाला ‘करुणांक’ अशी संज्ञा होती. शासनाचे साहाय्यही करुणांकाच्या प्रमाणातच वाटले जाई, कारण दयेचे मोजमाप झाले म्हणजे पक्षपात उरणार नाही, अशी या यंत्राच्या निर्मात्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

त्या निर्मात्यांपैकी एक, डॉ. विद्याधर सोमण, यांच्यासमोर राखोरा वस्तीच्या वार्ताहर कौतिकाबाई मेश्राम बसल्या होत्या. वस्तीलगतचे औष्णिक वीजकेंद्र बंद पडून एक पिढी लोटली, तरी त्याच्या राखेतील विष विहिरीत उतरतच होते. मुलांची हाडे वाकत होती. आता कौतिकाबाईंच्या नातीचे, सुजाताचे, पाय वाकू लागले होते. स्वच्छ पाण्याची नळवाहिनी यंदा आली, तरच ते सावरणार होते.

कौतिकाबाईंनी धाडलेली वार्ता यंत्राने परत केली होती. शेरा एका शब्दाचा: ‘पुनरुक्त’.

“याचा अर्थ काय जी, सायब?”

“पुन्हा तेच सांगितलेले. साहित्यशास्त्रात हा दोष मानतात. तो शब्द मीच सुचवला होता.”

“पण सुजाताचे पाय तं पयल्यांदाच वाकून रायले.”

सोमणांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवले. “तुमच्या वस्तीतल्या पहिल्या मुलाची वार्ता आली, तेव्हा सारा देश कळवळला होता, बाई. परंतु तोच आघात वारंवार झाला, की मेंदू प्रतिसाद देणे थांबवतो. हा त्याचा धर्मच आहे. लोक दुष्ट नाहीत हो. त्यांना ऐकूच येत नाही.”

“त्या पोराले तं तुमी शहरात नेऊन बरं केलं. इहीर तिथंच रायली.”

“करुणा त्या मुलासाठी नोंदली गेली होती. विहिरीसाठी नव्हे.”

“मंग मी गावाचं नाव बदलून धाडू?”

“यंत्र नाव पाहत नाही. दुःखाची जात पाहते.”

“जात तं सगळेच पायतेत,” कौतिकाबाई कोरडे हसल्या. “तुमीच हातानं वार्ता चढवा ना मंग.”

“तो अधिकार आम्ही मुद्दामच कुणाला ठेवला नाही. मलाही नाही.”



“मंग आमाले अजून काय झालं नाई, तेवढं सांगा.”

प्रश्न समोर आला की उत्तर शोधायचे, ही सोमणांची आयुष्यभराची सवय. “विहिरीच्या पाण्याने दृष्टी गेल्याची नोंद मात्र अद्याप…” आणि ते थबकले.

कौतिकाबाईंनी पदर सावरला. त्यांच्या मुद्रेवर प्रथमच काहीसा दिलासा दिसला.

“माह्ये डोये तसेही म्हातारे झाले,” त्या म्हणाल्या. “माह्या तांब्यातल्या पाण्यात काय पडलं तं डोये जातेत, सायब?”

सोमणांना ते रसायन ठाऊक होते. आणि कौतिकाबाई उठत नव्हत्या.