कलिंगडाची रेघ

भिंगरीची तपासणी दुपारची होती. भिंगरी म्हणजे माझी लेक. एका जागी बसेल तर शपथ. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ऑपरेशन करून कानामागे कातडीखाली यंत्र बसवलं होतं. तरी मी "बाळा" म्हटलं की ती कधी बघायची, कधी नाही. सासूबाई म्हणायच्या, ती तुझे ओठ बघते गं, ऐकत काही नाही. ते बोलणं माझ्या डोक्यातून जायचं नाही. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतो का, एवढंच मला कळायला हवं होतं.

तपासणीच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. दार लागलं की बाहेरचा आवाज तुटायचा आणि आपलंच रक्त कानात वाजायचं. हवा गार, डोक्याला लावायच्या चिकट मलमाचा वास. टेक्निशियनने माझा आवाज भरून घेतला, "बाळा, ओ दे." भिंगरीला तारांची टोपी घातली, समोर मुकं कार्टून लावलं आणि माझी हाक तिला पुन्हा पुन्हा ऐकवली. पडद्यावर रेघ नाचू लागली.

मी विचारलं, ऐकतेय ना? तो म्हणाला, एवढ्यात नाही सांगता येणार ताई. कानातलं यंत्र स्वतःच वीज सोडतं, ती मेंदूच्या लहरींत मिसळते. ती आधी वजा करायची. उरेल ते पोरीचं.

खोटं वाटेल, पण वजा करायला त्याच्याकडे एक कलिंगड होतं. आत तसलंच यंत्र खोचलेलं, वर तशाच तारा. कलिंगडाला कुठला मेंदू, म्हणून त्याच्या रेघेत येते ती नुसती यंत्राची वीज. याला कितीही हाका मारा, ऐकणार नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तसलं एक आमच्याही घरी आहे, बाहेर बाकावर पेपर वाचतंय. तो हसला.

मग त्याने कलिंगडालाही माझी हाक ऐकवली आणि ती रेघ भिंगरीच्या रेघेतून वजा केली. सपाट रेघ उरली. म्हणजे सासूबाई म्हणत होत्या तेच खरं...

टेक्निशियन मात्र कलिंगडाच्या रेघेकडे बघत होता. माझ्या प्रत्येक हाकेनंतर, जरा थांबून, तिथेही भिंगरीसारखाच एक उंचवटा येत होता, म्हणून वजाबाकीत दोन्ही पुसले गेले होते. त्याने तारा बदलल्या. दुसरं कलिंगड आणून तेच यंत्र त्यात खोचलं. नर्सबाईंच्या आवाजात "बाळा" भरून ऐकवलं, तेव्हा काहीच नाही. माझा आवाज लावला की उंचवटा.

"हा कशाचा असतो?" मी हळूच विचारलं.

"आईचा आवाज ओळखला की... मुलांच्या मेंदूत येतो."

"यातलं यंत्र कुणाचं?"

त्याने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, एका लहान लेकराचं. ऑपरेशन झालं होतं, पण यंत्र सुरू करायच्या आधीच ते गेलं. आईबापांनी यंत्र इथे देऊन टाकलं.

मी कलिंगडावर हात ठेवला. एवढ्या गार खोलीत ते कोमट होतं, झोपेतून उठलेल्या पोराच्या टाळूसारखं.

"दादा," मी म्हटलं, "'बाळा' तर सगळ्यांच्याच लेकरांना म्हणतात. मी माझ्या पोरीला नावाने हाक मारून बघते."

मी "भिंगरी, ओ दे" म्हटलं, त्याने ते दोघांना ऐकवलं. या वेळी कलिंगडाची रेघ मुकाट पुढे गेली. वजाबाकी झाल्यावर भिंगरीच्या रेघेत उंचवटा राहिला, चांगला ठसठशीत. ऐकते माझी पोर. मला रडू आवरेना. टेक्निशियन कलिंगडातून यंत्र काढून डबीत ठेवू लागला, तेव्हा मात्र मला तिकडे बघवलं नाही.

सासूबाई आता काही बोलत नाहीत. पाठमोरी असली तरी भिंगरी नावाला ओ देते. फक्त कधी सवयीने माझ्या तोंडून "बाळा" निघून जातं. तेव्हा ती लगेच ओ देत नाही. आधी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघते, मला हाताने थांब म्हणते... कुणाचं तरी ओ देऊन होईपर्यंत थांबावं तशी थांबते. मग हसते, आणि आपली ओ देते.