त्रेचाळीसावं पाकीट

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कोल्हापूरच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं तालुक्याचं पान लावलं. समोर आलेल्या कागदात खरं किती न् तिखटमीठ किती, हे वासावरून ओळखायचो. म्हणून हे जसं झालं तसंच सांगतोय.

तेव्हा खेड्यातली बातमी एसटीनं यायची. वार्ताहर पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचा, कंडक्टर ते स्टँडवरच्या आमच्या पेटीत टाकायचा. रोज दुपारी चारला आमचा शिपाई गुंडू सायकलवरून गठ्ठा आणायचा आणि माझ्या टेबलावर ठेवताना एकच वाक्य म्हणायचा, "पोचलं, साहेब."

नेसरीच्या पुढं डोंगराच्या कुशीत हेळेवाडी होती. तिथला वार्ताहर आकाराम कांबळे, शेती करून बातम्या लिहिणारा. तो पाकीटसुद्धा घरीच करायचा. जुन्या वहीचं कव्हर दुमडून भाताच्या खळीनं चिकटवायचा. त्याचं पाकीट फोडलं की आंबूस वास यायचा आणि अख्खं ऑफिस नाकाला रुमाल लावून हसायचं. मीही हसायचो.

सत्त्याण्णव साली हेळेवाडीवर धरणाची नोटीस आली. अठराशे चौऱ्याण्णवच्या कायद्याखाली. गोरा साहेब जाऊन पन्नास वर्षं झाली तरी त्याचा कायदा आमच्याच सरकारनं धुऊनपुसून वापरात ठेवला होता. फेब्रुवारीत आकारामचा फोन आला.

"जयभीम साहेब. पाकीट धाडलंय. त्रेचाळीस घरांचं अंगठं हायती, आमची संमती न्हाय म्हणून. मूळ कागदच हाय बगा. नेसरीत लाइट न्हवती, झेरॉक्स काय झाली न्हाय. छापून झालं की जपून ठेवा, कोर्टात लावायचाय."

"अरे बाबा, मूळ कागद कुणी एसटीनं पाठवतं व्हय?"

"पेपरात पोचला म्हंजे सुखरूप की, साहेब."

चारला पाकीट आलं. निळ्या शाईचे अंगठे, शेजारी नावं. शेवटचा अंगठा आकारामच्या आईचा, बयाबाईचा. विळ्यानं कापल्याची जुनी खूण होती तिच्या अंगठ्याला, ठशाच्या मधोमध एक तिरकी पांढरी रेघ.

पाचला संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. तिथं प्रकल्पाच्या कार्यालयातला एक गृहस्थ चहा पीत बसला होता. टेबलावर सरकारी पत्रक. 'हेळेवाडीकरांची प्रकल्पास स्वखुशीने संमती.'

"हे लावा," संपादक म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, पण त्यांचा कागद आलाय."

"बघू की," तो गृहस्थ गोड हसला. "पडताळून उद्या परत पाठवतो."

कुणी हिसकावला नाही. मीच आणून त्याच्या हातात दिला. पानही मीच लावलं, तीन कॉलमी.

कागद काही परत आला नाही. चौथ्या दिवशी आकाराम ऑफिसात आला. पायताण दाराबाहेर काढून आत आला.

"साहेब, कागद?"

"पाकीट आलंच नाही रे," मी म्हणालो.

तो गुंडूकडे बघत राहिला. गुंडूनं मान खाली घातली. आकाराम पायताण घालून जिना उतरला. लाज वाटली का? वाटली. पण पान सोडायची वेळ झाली होती.

कागद नाही म्हणून कोर्टात काही टिकलं नाही. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात पोलिसांच्या गाड्या गेल्या. बयाबाई उठेना, तेव्हा तिला बाजल्यासकट उचलून बाहेर आणली. पावसाळ्यात गाव पाण्याखाली गेलं आणि दिवाळीच्या आधी म्हातारी पत्र्याच्या शेडमध्ये वारली. आम्ही जलपूजनाचा रंगीत फोटो छापला.

दोन हजार एकच्या जूनमध्ये एका सोमवारी गुंडूनं गठ्ठा ठेवला आणि तो नेहमीचं वाक्य बोललाच नाही.

सगळ्यात वर वहीच्या कव्हरचं पाकीट होतं. खळ अजून ओली होती. आत कोरा कागद, त्यावर एकच निळा अंगठा.

पुढच्या सोमवारी दुसरं आलं, अंगठा वेगळा. मग दर सोमवारी.

मी चिडलो. स्टँडवर जाऊन नेसरीच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. पाकिटावर कोपऱ्यात लिहिलेलं त्याला दाखवलं, 'हेळेवाडी मुक्काम गाडीने'.

"पावणं, ती गाडी बंद होऊन दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "आता काय पान्यात घालू व्हय गाडी?"

मग हे आकारामचंच काम, दुसरं काय! जयसिंगपूरला तो एका वखारीत हमाली करत होता. मी पाकीट त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते हुंगलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आमची आई अशी खळ करायची," तो म्हणाला. मग पाकीट परत देत म्हणाला, "मी कशाला धाडू? तुमच्याकडं आल्यालं पोचत न्हाय."

मी निघालो तसा तो मागं आला. "साहेब, येक करा. कागद पोचलता, येवढं लिहून द्या. आमी स्वखुशीनं गेलो म्हणून पर्यायी जमीन न्हाय म्हंत्यात. तुमच्या येका सहीनं त्रेचाळीस घरं हुबी ऱ्हात्याल."

"बघतो," मी म्हणालो.

बघितलं नाही. नोकरीची सहा वर्षं राहिली होती.

बेचाळीस पाकिटं आली. मग बंद झाली. तिरक्या रेघेचा अंगठा काही आला नाही. कितीतरी सोमवार मी चार वाजता दाराकडे बघत बसायचो. पुढं बातम्या कॉम्प्युटरवर यायला लागल्या, स्टँडवरची पेटी गंजली, मी निवृत्त झालो.

दोन हजार आठ. आर. के. नगरात फ्लॅट घेतला. दस्ताला ओळखीचा साक्षीदार लागतो म्हणून गुंडूला बरोबर नेलं. तोही थकला होता. नोंदणी कार्यालयात दुपारची गर्दी होती. क्लार्कनं दस्त वाचला, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने', आणि मशीन पुढं सरकवलं.

"काका, डावा अंगठा."

मी ठेवला.

"कापलाय काय हो अंगठा?"

"नाही."

"मग पुसून परत ठेवा की."

पुसला. ठेवला. परत पुसला, परत ठेवला.

अंगठा उजेडात धरून बघितला. गुळगुळीत. आयुष्यभर पेन धरलेल्या माणसाचा अंगठा, त्यावर ओरखडासुद्धा नाही.

पडद्यावर ठसा उमटला होता. मधोमध तिरकी पांढरी रेघ.

"असू दे, चालतंय," क्लार्क म्हणाला आणि गुंडूकडे वळला. "मामा, ह्यास्नी वळखता न्हवं? सांगा."

गुंडू पडद्याकडे बघत राहिला. कुठूनतरी आंबूस वास येत होता.

"पोचलं, साहेब," तो म्हणाला.