मीही पाहिलं

पुलावर ही एवढी गर्दी जमली होती आणि मधोमध ती एकटी उभी होती. विटकरी शर्टातला एक माणूस कठड्यावर चढला आणि बघता बघता पाण्यात गेला, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ओरडून गाव गोळा केलं होतं ते तिनेच. बोटीतल्या लोकांनी नदी पिंजून काढली. माणूस सोडा, चप्पलसुद्धा मिळाली नाही.

"बाई, एखादं कापड-बिपड वाहत गेलं असेल," हवालदार वैतागला. "दुसऱ्या कुणी पाहिलं का?"

लोक तिच्याकडेच बघू लागले. घरी तिची आई होती, नसलेल्या माणसांशी गप्पा मारणारी, रिकाम्या खुर्चीला चहा विचारणारी. पोरगी आईच्याच वळणावर जाणार, असं मावशी कधीपासून म्हणत होती.

"मीही पाहिलं," गर्दीतून आवाज आला. "लाल शर्ट होता."

तो कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला. तिने हवालदाराला लालच सांगितलं होतं; पोलिसाला विटकरी काय कळणार? पण कुणीतरी पाहिलं होतं. तिला तिथेच रडू फुटलं, सुटल्यासारखं.

मग दुकानं बंद झाली की दोघं पुलावर भेटू लागली. काही कळलं का, एवढंच विचारायला. ती अस्तर-दोऱ्यांच्या दुकानात कामाला होती. नुसत्या वर्णनावरून अचूक रंगाचं रीळ काढून द्यायची, म्हणून शिंपी तिला 'मॅचिंग' म्हणत. त्यानेही तेच नाव उचललं.

"मॅचिंग, तुमचे डोळे तपासू या एकदा."

"का? विश्वास नाही?"

"विश्वास आहे हो. पण डोळ्यांत बघायला दुसरं निमित्त सापडत नाही…"

नजर उत्तम निघाली. तरी तो उगाचच भिंगं बदलत बसला, आणि तीही मुकाट्याने बसून राहिली. पुलावर वारा सुटला की तो बोलता बोलता तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला येऊन उभा राहायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, आईबद्दलचं सगळं ती त्याला कधी सांगून बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

एका संध्याकाळी तो कठड्याशी चाळा करत म्हणाला, "आईंना घेऊन ये ना… कायमचीच. रिकाम्या खुर्च्या आमच्याकडेही पुष्कळ आहेत."

तिचे कान तापले. काय बोलावं सुचेना, म्हणून तिने पर्समध्ये हात घातला. किती दिवस शोधून तो नेमका रंग तिला आज दुकानात सापडला होता. रीळ तळहातावर धरून तिने विचारलं, "हाच ना त्याच्या शर्टाचा रंग?"

"हाच," तो म्हणाला. "अगदी हाच."

तिची नजर खाली गेली. हातात मोरपंखी रीळ होतं. गडबडीत भलतंच निघालं होतं; विटकरी पर्समध्येच राहिलं होतं.

"तू बघितलंसुद्धा नाहीस."

"नाही…" तो ओशाळला.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही नाही. मी पाण्याकडे बघतच नव्हतो गं. तुझ्याकडे बघत होतो… रोजच बघायचो. सगळे तुला वेड्यात काढायला लागले, मला राहवलं नाही."

दुसऱ्या कुणी हे वाक्य जन्मभर जपून ठेवलं असतं. तिलाही तो हवाच होता. पण त्या वाक्यासरशी तिच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार गेला.

"मग मला दिसलं ते खरं होतं का रे?"

"तू म्हणतेस म्हणजे असेल."

"असेल नको मला."

"मी आहे ना."

"उद्या मी रिकाम्या खुर्चीला चहा विचारला, तरी तू म्हणशील, मीही पाहिलं. मला कधी कळणारच नाही."

तिने मोरपंखी रीळ त्याच्या हातात ठेवलं आणि मागे न बघता निघाली.

घरी आई खिडकीशी बसली होती. "रडलीस?"

ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. घरात आजवर तिने त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. "आई, पुलावरून एक माणूस पडला गं. कुणालाच दिसला नाही."

आईने तिच्या केसांतून हात फिरवला. "असं कसं? मीही पाहिलं त्याला."

आईने कित्येक महिन्यांत उंबरा ओलांडला नव्हता. शर्ट कुठल्या रंगाचा होता, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, पण तिने तो गिळला. आई विटकरी म्हणाली असती, तर तो माणूसही त्या रिकाम्या खुर्चीतलाच ठरला असता.