त्याचा वारा, तिचं पाणी

धक्क्यावर ठेवलेल्या तिच्या बादलीत त्यानं खुशाल चिखलाचे बूट बुडवले, तिथून ओळख सुरू झाली.

"अहो, काय करताय! त्यात माझा तापमापक आहे!"

"मला वाटलं... पाय धुवायला ठेवलीय."

"आता समुद्राला तुमच्या पायांचा ताप चढला म्हणून लिहू?"

दोघंही शिकाऊच. समुद्रात उष्णतेची लाट कधी येतेय, किती टिकेल, हे आधी सांगता यावं म्हणून प्रशिक्षण केंद्रानं शास्त्रज्ञ जमवले होते. ती पाण्याची अभ्यासक. तो हवामान खात्यातला, म्हणून सगळे त्याला हवेवाला म्हणत. शिकवणाऱ्या बाईंनी नेमकी हीच जोडी लावली. वारा पडला की पाणी तापतं, तेव्हा वारा आणि पाणी एका टेबलावर बसलेले बरे, असं बाईंचं म्हणणं. बाईंना लग्नं जुळवायची खोड आहे, असं बाकीच्यांचं. दोन्ही खरं असावं.

सुरुवातीला ती त्याच्या चुका शोधायची. पुढे पुढे चूक सापडली नाही की हिरमुसायची – कारण मग त्याच्याशी भांडायला निमित्त उरत नसे. माणूस कुठे घसरतोय हे कळायला एवढं पुरतं.

शेवटच्या परीक्षेला मात्र खरा अंदाज द्यायचा होता, आणि हा अंदाज जाणार होता खाडीत दोरांवर शिंपले वाढवणाऱ्यांकडे. त्यांत तिचा सख्खा मामा.

"पाणी नुसतं कढत चाललंय गं!" मामा फोनवर कावला होता. "कोवळा माल काढला तर वर्ष बुडालं. ठेवला आणि शिजला, तर मीच बुडालो."

"ठेवू द्या त्यांना माल," हवेवाला म्हणाला. "वारा सुटतोय. खालचं गार पाणी वर येईल."

"नक्की?"

"माझ्यावर भरवसा नाही?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं... आणि झटकन नजर वळवली.

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी काय केलं?"

"बाहेर!"

तो गेल्यावर तिनं त्याचे वाऱ्याचे नकाशे एकटीनं पुन्हा तपासले. वारा होता, पण त्यानं सांगितल्यापेक्षा उशिरा येणारा. तोवर वरच्या पाण्यात शिंपल्यांचा रस्सा झाला असता. खोलात मात्र अजून गारवा होता. तिनं अंदाज लिहिला : माल काढू नका, दोर खोल सोडा, वारा येईपर्यंत वर घेऊ नका.

"भाची म्हणून ऐकतोय," मामा कुरकुरला. "चुकलीस तर तुझ्या लग्नाला यायचा नाही मी."

वारा उशिराच आला, पण आला तो दणक्यात. खिडक्या आपटल्या, कागद उडाले, आणि संगणकाच्या पडद्यावरची तापमानाची रेघ खाली वळली. पाठोपाठ मामाचा फोन : "थोडे गेले, बाकी ठणठणीत! लग्न कधी करतेस बोल!"

हवेवाला दाराशीच उभा होता. "अभिनंदन. पण मला हाकललं का, ते तरी सांगा."

"कारण..." ती कागद गोळा करायला वाकली. "तुम्ही समोर असलात की तुमचं सगळंच खरं वाटतं मला. वारा सुटणार म्हणालात, की सुटणारच. असल्या मनावर मामाचा माल कसा सोडू?"

तो कानांपर्यंत लाल झाला.

"आता परीक्षा संपली," तो हळूच म्हणाला. "आत येऊ?"

"आलायस की केव्हाचा," ती म्हणाली.